गॅदरिंगला समूहगीत बेसूर होतंय, ट्रॅक लावू का? आधी पट्टी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलला या जूनमध्ये संगीत शिक्षिका म्हणून लागलेल्या मॅडम विचारतायत की गॅदरिंगला सहा आठवडे उरलेत, पाचवी ते नववीची साठ-पासष्ट मुलं समूहगीताला उभी करायची आहेत, हेडसरांनी बारा गाणी यादीत टाकलीत, मुलं बेसूर होतायत आणि स्टाफमधले एक सर म्हणतात ट्रॅक लावा, पोरांना नुसते ओठ हलवू द्या, कुणाला कळतंय. तर ट्रॅक लावू का लाइव्ह घेऊ, आणि जी मुलं फारच बेसूर आहेत त्यांना बाहेर काढू का.

मॅडम, मी सांगलीत एका अनुदानित शाळेत २६ वर्षं संगीत शिकवलं, आता रिटायर होऊन मिरजेत घरी बसलोय, त्यामुळे वेळ भरपूर आहे आणि उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

तुमचा प्रश्न ट्रॅक का लाइव्ह असा दिसतोय पण मला वाटतं खरी अडचण त्याच्या आधीच आहे. तुम्ही लिहिलंय की गाणं यूट्यूबवरून बसवलं, ओरिजिनल ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत (पेटीची जी पट्टी सा धरून गाणं म्हणायचं ती गाण्याची पट्टी), आणि ‘मुखडा बरा जातो पण अंतऱ्याला सगळं विस्कटतं’. हे वाक्य वाचलं आणि माझ्या डोळ्यासमोर सगळं चित्र उभं राहिलं, कारण माझी पहिली चार वर्षं अशीच गेली. मुखडा, म्हणजे धृपद, बरा जातो म्हणजे मुलांना सूर कळतोय. कानात दोष असता तर मुखडाही गेला नसता. अंतरा, म्हणजे कडवं, वरच्या सुरात जातो, तिथं मुलांचा गळा पोचत नाही, मग निम्मी मुलं ताणून किंचाळतात आणि निम्मी मुलं गपकन खालच्या सप्तकात उतरतात, आणि खाली बसलेल्याला ते सगळं मिळून बेसूर ऐकू येतं. बऱ्याचदा बेसूर म्हणजे एवढंच असतं.

आता हे का होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

माझा स्वतःचा सा काळी १. (पेटीच्या प्रत्येक सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात, त्या डावीकडून मोजायच्या.) पुरुषाचा गळा, म्हणजे पेटीवर डावीकडच्या सप्तकातली काळी १. मी गाऊन दाखवलं की मुलं तेच गाणं आपोआप एक सप्तक वर धरतात, म्हणजे त्यांचा सा झाला मधल्या सप्तकातली काळी १. गाणं तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, गेलं की मुलांना उजवीकडच्या सप्तकातल्या पांढरी ४ ला पोचावं लागतं. आणि पाचवी-सहावीच्या न शिकलेल्या मुलांचा आरामाचा पल्ला माझ्या अनुभवात डावीकडच्या काळी ५ पासून ते उजवीकडच्या सप्तकातल्या पांढरी २ पर्यंत, साधारण दहा सूर. त्याच्या वर एकदोन सूर निघतात पण ते ओरडून निघतात. म्हणजे मी माझ्या सोयीच्या पट्टीत शिकवत होतो आणि चूक पोरांच्या पदरात टाकत होतो. सिनेमातल्या किंवा भावगीतांच्या ट्रॅकचं पण तेच, ती पट्टी त्या गायकाच्या गळ्याची असते, आणि तो गायक आयुष्यभर रियाज केलेला असतो. आपली पोरं सकाळी शेतात वडलांना डबा देऊन शाळेत आलेली असतात.

तुम्ही बाई आहात त्यामुळे तुमची पट्टी, काळी ४ किंवा काळी ५ असेल, ती मुलांच्या बरीच जवळ आहे. पुरुष शिक्षकापेक्षा तुम्हाला हे काम सोपं आहे बघा. ट्रॅक विसरा आणि स्वतःच्या पट्टीत गाऊन दाखवा, एका दिवसात फरक कळेल.

पट्टी काढायची कशी. गाण्याचा सगळ्यात वरचा सूर कोणता ते आधी शोधा, मग सगळ्यात खालचा. वरचा सूर तार गंधार असेल तर तो पांढरी २ वर आणून ठेवायचा, म्हणजे सा आपोआप डावीकडच्या काळी ५ ला येतो. गाणं तार सा च्या वर जातच नसेल आणि खाली मंद्र धैवतापर्यंत (खालच्या सप्तकातला ध) उतरत असेल तर सा जरा वर घ्या, मधली पांढरी १ किंवा पांढरी २, नाहीतर खालचे सूर हवेत विरून जातात, नुसता श्वास ऐकू येतो. आणि एखादं गाणं खाली मंद्र पंचमाला आणि वर तार गंधाराला असं दोन्हीकडं जात असेल तर ते गाणं सोडून द्या, कितीही आवडतं असलं तरी. ते एकट्या तयारीच्या मुलीला द्या, साठ जणांना नको.

हे माझे आकडे आहेत, तुमच्या मुलांचे थोडे इकडे-तिकडे असतील, म्हणून एक दिवस खर्च करा आणि आठ-आठच्या गटानं पेटीजवळ घेऊन सा पासून आकारात, म्हणजे नुसतं ‘आ’ म्हणत, वर चढवा, जिथं मान ताणायला आणि भुवया वर जायला लागतात तिथं थांबा आणि वहीत लिहा. भुवया फार प्रामाणिक असतात.

आता आठवी-नववीचे मुलगे. त्यांचा आवाज फुटत असतो, साधारण बारा ते पंधरा या वयात, आणि फुटून झाला की तो जवळपास एक सप्तक खाली येतो. मधले काही महिने त्या पोराला स्वतःलाच माहीत नसतं की तोंड उघडलं की काय बाहेर पडणार. अशा पोरांना पाचवीच्या मुलींबरोबर एकाच ओळीत उभं केलं तर ते बेसूर होणारच. त्यांना वेगळं बसवा, तेच गाणं खालच्या सप्तकात म्हणू द्या, किंवा ज्यांचा पल्ला पाच-सहा सुरांचाच राहिलाय त्यांना धृपदाची एकच ओळ द्या. पोवाडा असेल तर ‘जी जी रं जी’ ला त्यांच्यासारखी माणसं नाहीत. हलगी, दिमडी, टाळ, ढोलकी यांच्या हातात द्या. आपल्याकडं जत्रेत, ताबुतात, गणपतीत वाजवून वाजवून अर्ध्या पोरांचा ठेका उपजतच पक्का असतो, आपण वर्गात त्यांना कधी विचारत नाही एवढंच. आणि दुखतंय, खरखरतंय म्हणाला तर आठवडाभर गप्प बसू द्या, जबरदस्तीनं वर चढवू नका.

इथं एक कबुली देतो. नोकरीच्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी आठवीतला एक मुलगा, कवलापूरकडचा, अगदी हौसेनं यायचा पण आवाज फुटलेला. मी त्याला म्हणालो तू नुसते ओठ हलव, पहिल्या रांगेत उभा रहा, उंच आहेस, छान दिसतोस. त्यानं निमूटपणे तसं केलं. कार्यक्रम झाल्यावर त्याची आई स्टेजमागं आली, हातात पिशवी, पदर खोचलेला, एसटी गाठायची गडबड, आणि मला म्हणाली, “सर, एवढ्या पोरांत माझ्या पोराचा आवाज मी बरोबर वळखला की ओ.” पोरगं शेजारी उभं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि काही बोललं नाही. मी पण काही बोललो नाही. त्यानंतर मी कुणालाही ओठ हलवायला सांगितलेलं नाही, आणि तुमच्या स्टाफमधल्या सरांना माझ्यातर्फे एवढंच सांगा की कुणाला कळतंय या प्रश्नाचं उत्तर, पोरांना कळतं.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं, कुणाला बाहेर काढू नका. पण एक अपवाद प्रामाणिकपणे सांगतो. पन्नास-साठात दोन-तीन मुलं अशी असतात की ज्यांना शेजारच्याचा सूर ऐकूच येत नाही, एकाच सुरावर मोठ्यानं म्हणत राहतात. त्यांना माईकपासून लांब आणि दोन पक्क्या मुलींच्या मधे उभं करा, आणि ‘हळू म्हण, शेजारणीचं ऐकू आलं पाहिजे एवढंच मोठ्यानं’ असं सांगा. सहा आठवड्यात त्यातली एखाददुसरी सुधारतेच, बाकीची निदान झाकली जातात. तालावर ठेवली तरी चालेल. पण यादीतून नाव कापू नका.

आता ट्रॅक. हे परिस्थितीवर आहे हे मान्य. तुमच्याकडं पेटी वाजवणारं कोण आहे, तबलजी मिळतोय का, कार्यक्रम हॉलमध्ये आहे का ग्राउंडवर मांडव घालून, यावर बरंच ठरतं. नृत्याला ट्रॅक लावा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. समूहगीताला मात्र मी शेवटची वीसेक वर्षं ट्रॅक लावला नाही, कारण साधं आहे, ट्रॅक थांबत नाही. मुलं अंतऱ्याला उचलायला चुकली तर तबलजी आणखी एक आवर्तन, म्हणजे ठेक्याचा एक पूर्ण फेरा, वाजवत बसतो, पेटीवाला ओळ परत वाजवून बोट दाखवतो, आणि खाली कुणाला कळतही नाही की चूक झाली. ट्रॅक पुढं निघून जातो, साठ मुलं मागं राहतात, मग तो तमाशा सगळ्यांना कळतो.

तबलजी मिळतच नसेल तर मधला मार्ग आहे. स्वतः ट्रॅक बनवा. मुलांच्या पट्टीत तुम्ही पेटी वाजवा, गावातल्या भजनी मंडळातल्या कुणालातरी ढोलकी किंवा पखवाज वाजवायला बोलवा, ही माणसं आनंदानं येतात, चहा आणि मान दिला की पुरतं, आणि मोबाईलवर शांत खोलीत रेकॉर्ड करा. सुरुवातीला चार मात्रा मोजून घ्या आणि अंतऱ्याआधी एक आवर्तन जास्तीचं ठेवा म्हणजे मुलांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. तयार ट्रॅकच वापरायचा असेल तर पट्टी बदलायची अ‍ॅप आहेत, दोन-तीन सूर खाली आणला तर चालतो, त्याहून जास्त आणला की वाद्यं चिखलातून वाजल्यासारखी ऐकू येतात. आणि कृपा करून ब्लूटूथवर लावू नका. वायरनं जोडा, फाईल फोनमध्ये उतरवून ठेवा, फोन एअरप्लेन मोडला टाका. एका वर्षी आमच्याकडं नाच ऐन रंगात असताना एका शिक्षकाच्या फोनला सासुरवाडीचा फोन आला आणि ती रिंगटोन दोन हजार लोकांनी ऐकली. अजून चिडवतात त्यांना.

बारा गाण्यांचं काय करायचं. सरळ हेडसरांना जाऊन सांगा की चार होतील. ईशस्तवन, स्वागतगीत, एक देशभक्तीपर आणि एक आपल्या मातीतलं, भारूड, ओव्या, पोवाडा यातलं काहीतरी. सहा आठवड्यांत साठ मुलांकडून चार गाणी नीट होतात, बारा कधीच होत नाहीत, बारांची नुसती तोंडओळख होते. हेडसर ऐकत नसतील तर बारापैकी आठ गाणी नाचाला द्या, यादी तेवढीच राहते आणि ते खूश. हे मी नंतर नंतर शिकलो, सुरुवातीला भांडायचो.

प्रॅक्टिसबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, बरेच शिक्षक शनिवारी दोन-दोन तास घेतात. त्यात पहिल्या वीस मिनिटांनंतर मुलं गात नाहीत, ओरडतात किंवा एकमेकांना चिमटे काढतात. त्यापेक्षा रोज वीस मिनिटं. आणि तुमच्याकडं एक तयार जागा आहे जिच्याकडं कुणी बघत नाही, ती म्हणजे परिपाठ. रोज सकाळी सगळी शाळा उभी असते, राष्ट्रगीत होतं, प्रार्थना होते, आणि ती बहुतेक ठिकाणी जी मुलगी माईकसमोर असते तिनं जिथून उचललं तिथून सुरू होते. मग वर गेलं की सगळी शाळा किंचाळते. परिपाठाला पेटी नेऊन नुसता सा द्या, राष्ट्रगीताला मधल्या पांढरी १ किंवा पांढरी २ चा, ते तार सा च्या वर जात नाही त्यामुळं सगळ्यांना झेपतं. आणि हातात घड्याळ धरा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत व्हायला पाहिजे. आमच्या शाळेत मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा ६८ सेकंद लागले होते. मुलं ओळीच्या शेवटी सूर ताणत बसतात, मागची रांग पुढच्या रांगेची वाट बघते, असं करत गाणं रखडतं. महिनाभर रोज मोजून ते ५४-५५ वर आलं आणि गंमत म्हणजे त्या वर्षी गॅदरिंगची सगळी गाणी लयीत गेली, मी वेगळं काही केलंच नव्हतं. समूहगीताची प्रार्थना, नवीन गाण्याचा मुखडा, सगळं परिपाठात म्हणवून घ्या. मुलांना समोर उभं राहून गायची सवय होते ती वेगळीच.

सुरात यायला तानपुरा लावा, अ‍ॅपवरचा पण चालतो, छोट्या स्पीकरवर. गाणं सुरू करायच्या आधी दोन मिनिटं नुसता सा, डोळे मिटून. एकदा मी वीसेक मुलांना मिरजेत तंतुवाद्य बनवणाऱ्यांच्या गल्लीत नेलं होतं. एका कारागिरानं तारेखालचा दोरा जरासा सरकवून दाखवला, तसा तोच सूर आधी ठोकळा होता तो एकदम गुंजायला लागला. जवारी लागली म्हणतात ती ही. सातवीतली एक मुलगी म्हणाली, सर, आता त्यात दोन-तीन आवाज ऐकू येतायत. जे मला वर्गात सहा महिने सांगून जमलं नव्हतं ते त्या माणसानं दोऱ्यानं करून दाखवलं. तुम्हाला तासगावहून मिरज काही लांब नाही, सहल न्यायची तर महाबळेश्वर-पन्हाळ्याच्या जोडीला हे पण करा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय, मुलांना तेवढं सांगितलं तरी अभिमान वाटतो. आणि याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकून विष्णु दिगंबर पलुसकर बाहेर पडले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, घरात गुरूपुढं एकेकट्यानं शिकायचं गाणं वर्गात बसवून शिकवायला लागले. म्हणजे आपण साठ पोरं समोर घेऊन जी धडपड करतो तिचं मूळ पण इथलंच आहे. असो, विषय भरकटला.

इथपर्यंतचं एका दमात परत सांगतो म्हणजे पुढचं वाचायला बरं: गाण्याचा वरचा-खालचा सूर बघून पट्टी, मुलगे वेगळे, गाणी चार, ट्रॅक शक्यतो नको आणि लागलाच तर स्वतःचा, रोज वीस मिनिटं. आता प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवसाचं.

सगळ्यात मोठा शत्रू क्रीडा सप्ताह. बहुतेक शाळांत गॅदरिंगच्या आधीच्या आठवड्यात खेळ असतात, कबड्डी, खो-खो, रस्सीखेच, आणि आपली गाणारी पोरं मैदानाच्या कडेला उभी राहून ‘चक दे’ करत चार दिवस बोंबलतात. मग गॅदरिंगला गळा बसलेला. लोक चिंच खाऊ नको, बर्फगोळा खाऊ नको सांगतात, ते सांगा हवं तर, पण खरं नुकसान ओरडण्यानं होतं. मी गाणाऱ्या मुलांना खेळाच्या वेळी गुणलेखनाला आणि पाणी द्यायला लावायचो, खेळाचे सर हसायचे पण माझी मुलं वाचायची. शेवटचे दोन दिवस पूर्ण आवाजात प्रॅक्टिस घेऊ नका, नुसती गुणगुण आणि शब्द.

उभं करताना लहान पुढं, मधे मधली, मागं बाकावर उंच, अर्धगोलात, म्हणजे टोकाच्या मुलाला पण पेटीवाला दिसतो. साठ मुलांना स्टेजवर चढायलाच चार मिनिटं लागतात, ते वेगळं शिकवावं लागतं, कोण कुठल्या बाजूनं, कुणाच्या मागं. याची दोनदा तालीम करा, गाण्याइतकीच गरजेची आहे.

साऊंडवाला हा प्राणी आधीच पटवून ठेवा. मांडव, लाईट, साऊंड सगळं एकालाच दिलेलं असतं आणि त्याला लग्नाच्या वरातीची सवय असते, त्यामुळं माईक आला की इको लावतो. त्याला आदल्या दिवशी भेटा, चहा पाजा, आणि सांगा की समूहगीताला इको बंद. दहा-बारा मुलांत एक माईक, रांगेपासून दोनतीन फूट पुढं आणि तोंडाच्या जरा वर, म्हणजे एकट्या पोराचा आवाज पुढं येत नाही. माईक कधीही स्पीकरच्या पुढं यायला नको, स्पीकर स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत पुढं आणि लोकांकडं तोंड करून, नाहीतर शिट्टी वाजते आणि मुलं कानावर हात ठेवतात. मुलांना पेटी ऐकू येण्यासाठी एक छोटा स्पीकर त्यांच्याकडं तोंड करून आतल्या बाजूला मागा, त्यात फक्त पेटी आणि तबला, मुलांचा आवाज नको. हे एवढं मिळालं तर निम्मा सूर तिथंच सुधारतो, कारण ग्राउंडवर आवाज सगळा पुढं पळून जातो आणि स्टेजवरच्या मुलाला काहीच ऐकू येत नाही. पेटीचा माईक भात्याला चिकटवू नका, फुसफुस ऐकू येते.

डिसेंबरात आपल्याकडं संध्याकाळी गार पडतं आणि दव येतं. तबल्याची पुडी (वरचं चामडं) ओलावा ओढते आणि ढिली पडून सूर उतरतो, मग स्टेजवरच्या लाईटच्या उष्णतेनं परत चढतो. म्हणून तबला शेवटपर्यंत गुंडाळून ठेवायचा आणि स्टेजवर गेल्यावर, लाईट लागल्यावर मगच लावायचा. आणि तबला तुमच्या पट्टीला लागणारा आहे का ते आधी बघा. शाळेत असतो तो बहुतेक काळी १ चा छोट्या तोंडाचा, तो काळी ५ ला उतरत नाही, उतरवला तर बद्द वाजतो. पट्टी काळी ४ ठेवली तर तो मध्यमात, म्हणजे सा ऐवजी म ला, लागतो, काम चालतं, पण मुलांना सा धरायला त्याची तेवढी मदत होत नाही. भजनी मंडळात मोठ्या तोंडाचा मिळाला तर मागून आणा.

वेळेचं बघा. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम आहे, पोलीस स्टेशनच्या परवानगीवर पण ते लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडं सत्कार, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत, संस्थेच्या अध्यक्षांचं मनोगत, आभार यात दीड तास जातो. समूहगीत त्या भाषणांच्या आधी घ्या. मी एका वर्षी भाषणांनंतर ठेवलं होतं, पाचवीची मुलं पातळ कपड्यांत स्टेजमागं तासभर थंडीत कुडकुडत उभी, आणि गाताना आवाजाऐवजी दात वाजत होते.

सोलोचा विषय टाळणार नाही कारण तुमच्याकडंही येणार. कुणीतरी सांगेल की अमक्यांच्या नातवाला एक गाणं द्या, आणि तो नातू बिचारा चांगला मुलगा असतो, त्याला गायचंच नसतं. माझ्यावर एकदा असं आलं होतं, कुठून ते जाऊ दे. मी त्यानंतर सोलोची निवड परिपाठात, सगळ्या शाळेसमोर घ्यायला सुरुवात केली, ज्याला गायचंय त्यानं आठवडाभर रोज एक कडवं म्हणायचं. आठवड्याच्या शेवटी कुणाला द्यायचं हे मला सांगावंच लागायचं नाही, पोरंच सांगायची. वशिल्यानं आलेली मुलं दुसऱ्या दिवशी स्वतःच यायची बंद व्हायची.

व्हिडिओबद्दल एक. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी-शिक्षकांनी गाणं म्हणणं आणि समोर पालक-विद्यार्थी असणं याला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, त्याची काळजी करू नका. पण तोच कार्यक्रम यूट्यूबवर टाकला की ती सूट तिथं लागू होईलच असं धरून चालू नका, त्यातून सिनेमाचा ट्रॅक असेल तर क्लेम येतो नाहीतर आवाज म्यूट होतो. स्वतः वाजवलेल्या भारुडाला, ओव्यांना असला त्रास सहसा येत नाही, हा पण ट्रॅक न लावायचा एक फायदा. आणि मुलांचे चेहरे टाकताना पालकांना विचारून टाका.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. उद्या-परवा मुलांना पेटीजवळ घेऊन त्यांचा वरचा-खालचा सूर लिहून काढा, पाचवी-सहावीचा वेगळा आणि आठवी-नववीच्या मुलग्यांचा वेगळा, आणि जी चार गाणी ठेवणार आहात त्यांची नावं इथं टाका. मग कुठलं गाणं कुठल्या पट्टीत आणि तबला कुठला आणायचा ते बसून सांगतो. अंतऱ्याला विस्कटणारं ते पहिलं गाणं आज फक्त काळी ५ वरून म्हणून बघा, आणि काय झालं ते कळवा.